मुलाची शेजारच्या आजोबांशी घट्ट मैत्री जमली आहे, काळजी करावी का?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा १५ वर्षांचा. शेजारी एकटे राहणारे आजोबा ७८ वर्षांचे, उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात घालवलेले. मुलाला संगणकावर अक्षरांची वळणं तयार करायचा नाद. वर्षभरात दोघांचं इतकं जमलं आहे की शाळेतून आल्यावर दप्तर टाकून तो आधी तिकडे जातो. आई विचारते की हे वयाला धरून आहे का? समवयस्क मित्र सोडून हा म्हाताऱ्या माणसात का रमतो? घरात तोंड न उघडणारा मुलगा तिथे तासन्‌तास कसा बोलतो? नातेवाईक नाही नाही त्या शंका काढतात, त्यांचं काय करायचं? शिवाय आजोबा हल्ली विसरायला लागले आहेत आणि मुलगा त्यांचे मोबाइलवरचे व्यवहार करून देतो, हे चालू द्यावं का?

किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यासोबत समुपदेशक म्हणून मी अनेक वर्षं काम करते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ही मैत्री मोडू नका. तिच्यावर लक्ष हवं, ते कसं ठेवायचं ते खाली सविस्तर लिहिते. पण चांगल्या हेतूनं का होईना, ती आपल्या ताब्यातही घेऊ नका. अशा मैत्र्या मोठ्यांच्या विरोधामुळे तुटताना मी पाहिल्या आहेत, पण त्याहून जास्त मैत्र्या मोठ्यांच्या कौतुकानं विझलेल्या पाहिल्या आहेत.

हे कसं होतं ते सांगते. घरच्यांच्या लक्षात येतं की मुलगा शेजारच्या एकट्या वृद्धाकडे जातो. त्यांना अभिमान वाटतो. मग चारचौघांत सांगितलं जातं, ‘आमचा मुलगा आजोबांना सोबत करतो.’ पुढे छोटी छोटी कामं त्याच्या गळ्यात पडतात. औषधं घेतली का बघ, दार नीट लावलं का बघ, आज गेला नाहीस, त्यांना वाईट वाटेल. महिन्याभरात मुलगा तिकडे जायला टाळाटाळ करू लागतो आणि सगळ्यांना वाटतं की पोराचा उत्साह संपला. खरं तर त्याच्या मित्राचा रुग्ण करून टाकलेला असतो. आजोबांनाही ते कळतं. आपल्याकडे येणारा मुलगा आवडीनं येतो की पाठवला म्हणून येतो, हे ओळखायला त्यांना वेळ लागत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली, दोन वेगळ्या गटांतल्या माणसांचे एकमेकांविषयीचे पूर्वग्रह कशानं कमी होतात, याचा विचार मांडला. नुसतं एकत्र आणून भागत नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि आजूबाजूच्या व्यवस्थेचा त्याला पाठिंबा हवा. त्याच्यासमोर प्रश्न वंशभेदाचा होता, पण वयाच्या दरीलाही हे तंतोतंत लागू पडतं. तुमच्या घरातल्या प्रकरणात पहिल्या तिन्ही गोष्टी आपोआप जमून आल्या आहेत. दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडली की ओळ डोळ्याला सुखावते, हे आजोबांना बोटांतून माहीत आहे. ते पडद्यावर कसं आणायचं, हे मुलाला माहीत आहे. एकाशिवाय दुसऱ्याचं काम अडतं. चौथी गोष्ट म्हणजे पाठिंबा, आणि तो तुमच्या हातात आहे.

नेदरलंडमधल्या डेव्हेंटर शहरातल्या एका वृद्धनिवासाचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. तिथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भाडं न घेता खोली दिली जाते. बदल्यात महिन्याला ३० तास तिथल्या वृद्धांचे चांगले शेजारी म्हणून वागायचं. शुश्रूषा त्यांच्याकडे नसते, त्यासाठी वेगळे कर्मचारी असतात. ही विभागणी फार शहाणपणाची आहे. शेजारी शेजारीच राहिला, म्हणून नातं टिकलं. तुमच्याही घरात हीच रेघ ओढा. औषधं, डॉक्टर, दाराची किल्ली ही मोठ्यांची कामं, आणि मुलाचं काम मित्र असण्याचं.

आता वयाबद्दल. १५ वर्षांच्या मुलाला ७८ वर्षांच्या माणसात काय सापडत असेल, याचं आश्चर्य वाटणं स्वाभाविक आहे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. किशोरवयातला पेच ‘मी कोण’ हा असतो. उतारवयातला पेच ‘मी जे जगलो ते अर्थपूर्ण होतं का’ हा असतो. हे दोन्ही प्रश्न मोठ्यानं बोलून पाहावे लागतात, आणि मधल्या वयाच्या माणसांना ते ऐकायला सवड नसते. आपण कामात, हप्त्यांत, वेळापत्रकांत असतो. या दोघांकडे मात्र एकच प्रश्न दोन टोकांनी धरलेला असतो. मुलगा विचारतो, ‘तुम्हाला कसं कळलं की हेच काम करायचं?’ आणि आजोबांना कित्येक वर्षांत कोणी हे विचारलेलं नसतं.

रॉबर्ट बटलर या वृद्धरोगतज्ज्ञ मनोविकारतज्ज्ञानं १९६३ साली एक महत्त्वाची गोष्ट ठामपणे मांडली. म्हातारी माणसं जुन्या आठवणी उगाळतात, तेव्हा तो मेंदूचा ऱ्हास किंवा निव्वळ करमणूक नसते. आयुष्याचा हिशेब जुळवण्याचं ते आवश्यक काम असतं. त्या कामाला श्रोता लागतो. घरच्यांनी त्या गोष्टी इतक्या वेळा ऐकलेल्या असतात की आजोबा सुरुवात करतात तेव्हाच शेवट चेहऱ्यांवर दिसतो. नव्या श्रोत्याला मात्र प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडले की गोष्ट नव्या वाटेनं जाते.

मुलाच्या बाजूनं काय मिळतं, त्याचा सर्वांत भक्कम पुरावा हवाईतल्या काउआई बेटावरून येतो. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही खंबीर, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांना तारणाऱ्या गोष्टींपैकी एक पुन्हा पुन्हा दिसली: त्यांना मनापासून स्वीकारणारं किमान एक मोठं माणूस त्यांच्या आयुष्यात होतं, आणि ते आईवडीलच असतील असं नव्हतं. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. तुमच्या घरात तशा अडचणी नसतील. पण घराबाहेरचा असा एक आधार असणं कुठल्याही मुलाच्या भल्याचंच असतं.

समवयस्क मित्रांबद्दल इतकंच बघा, की त्याला तेही आहेत का. एक-दोन असले तरी पुरे. आजोबा हे त्यांच्या जोडीला असतील तर काही प्रश्न नाही. पण शाळेत कोणी छळतंय, मुद्दाम वगळतंय आणि म्हणून तो तिकडे पळतोय, असं असेल तर त्या त्रासावर स्वतंत्रपणे काम करावं लागेल. तेव्हाही आजोबांकडे जाणं बंद करून काही साधणार नाही, उलट त्याचा एकमेव निवारा जाईल. ‘शाळेत डबा कोणासोबत खातोस?’ या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून बरंच कळतं.

‘घरात बोलत नाही, तिथे बोलतो’ हे तुम्ही ज्या शब्दांत लिहिलं आहे, त्यात दुखरेपणा आहे आणि तो मी समजू शकते. पण याचं कारण प्रेम कमी-जास्त असण्यात शोधू नका. तुमच्याशी तो जे बोलतो त्याचे परिणाम होतात. गणितात कमी गुण पडले असं तो तुम्हाला सांगतो तेव्हा शिकवणी, फोनची वेळ, पुढच्या वर्षीची चिंता असं सगळं एकदम खोलीत येतं. आजोबांना त्याच्या गुणांवरून काही ठरवायचं नसतं, म्हणून ते नुसतं ऐकू शकतात. शिवाय ते दोघं समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी शेजारी बसून एकाच कागदाकडे बघत बोलतात. या वयाच्या मुलग्यांना डोळ्याला डोळा भिडवून ‘बोल ना, काय झालंय’ असं विचारलं की शब्द आटतात. हात कामात असले की तेच शब्द सहज येतात. तुम्हीही त्याच्यासोबत एखादं काम करत बसून बघा, प्रश्न न विचारता.

यात एक पथ्य कडक पाळा. आजोबांना हेर करू नका. ‘तुमच्याशी बोलतो, जरा अभ्यासाचं सांगा’, ‘कोणाशी फोनवर बोलतो ते काढून घ्या’ असं एकदा जरी झालं आणि मुलाला कळलं, तर त्याला बोलायला एकही जागा उरणार नाही. अपवाद एकच. स्वतःला इजा करण्याचा विचार, कोणाकडून होणारा छळ, किंवा नशेचे पदार्थ यांबद्दल तो काही बोलला तर आजोबांनी तुम्हाला सांगायचं, आणि हे दोघांनाही आधीपासून माहीत असायला हवं. चोरून ठरलेला अपवाद विश्वासघात वाटतो, उघड ठरलेला तसा वाटत नाही.

आता नातेवाइकांच्या शंका. त्या वाईट हेतूनं काढल्या असतील, तरी प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मुलांचं लैंगिक शोषण करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीतलीच असते, आणि मुलगे सुरक्षित असतात हा समजही खोटा आहे. त्यामुळे विश्वास ठेवायचा की संशय घ्यायचा, या पेचात अडकू नका. नियम असे करा की ते कोणत्याही भल्या माणसाला जाचणार नाहीत आणि वाईट हेतूच्या माणसाला अडचणीचे होतील. मुलगा कधी जातो आणि कधी येतो हे घरात माहीत असावं. बसायची जागा बाहेरच्या खोलीत, दार उघडं किंवा नुसतं लोटलेलं. तुम्ही अधूनमधून न सांगता डोकावणार, आणि आजोबाही तुमच्याकडे येणार. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. फक्त एकाच घरात घडणारी मैत्री हळूहळू झाकली जाते. दोन्ही घरांत वावरणारी मैत्री सगळ्यांसमोर असते.

कशानं सावध व्हायचं? घरी सांगू नको असं सांगून दिलेल्या भेटवस्तू किंवा पैसे. तुझ्या घरच्यांना तू कळत नाहीस, मला कळतोस, असं पुन्हा पुन्हा ऐकवणं. मुलाला इतर मित्रांपासून तोडणं. नको असताना अंगाला हात लावणं, लैंगिक विषयांवर वळवलेलं बोलणं, किंवा तुम्ही डोकावलात की नाराज होणं. या सगळ्यांच्या मुळाशी गुपित असतं. म्हणून मुलाला एक वाक्य आत्ताच सांगून ठेवा: जो मोठा माणूस आपल्या दोघांतलं काही घरी सांगू नको म्हणतो, त्याच्याबद्दल घरी लगेच सांगायचं, मग तो कितीही आवडता असो. हे आजोबांवर रोख ठेवून सांगायची गरज नाही. शिक्षक, प्रशिक्षक, नातेवाईक सगळ्यांनाच हा नियम लागू आहे. आणि मुलाच्या वागण्यात अचानक फरक पडला, तिकडचा विषय निघाला की तो गप्प होऊ लागला, तर भेटी लगेच थांबवा आणि शांतपणे विचारा. त्यानं काही सांगितलंच तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

यातलं काहीच नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसं दिसतं, तर नातेवाइकांना एवढंच सांगा की आम्हाला सगळं माहीत आहे, आमचं जाणंयेणं आहे. त्यापुढे सफाई देत बसू नका. मुलाच्या कानावर ती कुजबुज गेली तर तो स्वतःच्याच मायेची लाज बाळगू लागेल, आणि ते नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

मोबाइलवरच्या व्यवहारांबाबत मात्र मी ठाम आहे: हे आजच थांबवा. मुलाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. उलट त्यालाच वाचवायचं आहे म्हणून सांगते. विसरायला लागलेला माणूस स्वतः पैसे काढतो आणि ते विसरतो. चार दिवसांनी हिशेब जुळत नाही. मग सगळ्यांना आठवतं की पासवर्ड शेजारच्या मुलाला माहीत होता. हा आळ आला की १५ वर्षांचा मुलगा तो कसा पुसणार? आणि आजोबांच्या मुलांना दोष तरी कसा देणार, वृद्धांची फसवणूक खरोखरच सर्रास होते.

म्हणून मुलानं आजोबांना फोन वापरायला शिकवावं, पण बोट आजोबांचंच चालावं. पासवर्ड, बँकेचे सांकेतिक आकडे, कार्ड यांना त्यानं हात लावायचा नाही. आकडे टाकायची वेळ आली की त्यानं तोंड फिरवायचं, ही सवय दोघांनाही लावा. देणी-घेणी आजोबांच्या कुटुंबातल्या एखाद्या मोठ्या माणसाकडे जाऊ द्या. उसने पैसे, मौल्यवान वस्तू, ‘माझ्यानंतर हे तुझं’ अशी तोंडी आश्वासनं, यांपैकी काहीही पुढे आलं तर ते दोन्ही घरांसमोर बोललं जावं. खिळ्यांची जुनी पेटी त्यांना मुलाला द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण त्यांच्या मुलांच्या देखत.

विसरण्याकडे वेगळं बघावं लागेल. नाव पटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे वयानुसार होतं. पण तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, रोजच्या कामाचा क्रम न जमणं, स्वभावच बदलल्यासारखं वाटणं, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जायला हवं. कधी कधी कारण उपचारांनी सुधारण्यासारखं असतं: थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची कमतरता, एखाद्या औषधाचा परिणाम, नैराश्य. ही लक्षणं सर्वांत आधी तुमच्या मुलाला दिसतील, कारण रोज तोच भेटतो. त्याला सांगा की असं काही जाणवलं तर मला सांग, ते चुगली करणं नाही. निर्णयाचं ओझं मात्र त्याच्यावर टाकू नका.

ऐकू कमी येणं अनेकदा विसरण्यासारखं दिसतं, म्हणून तेही तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना अडचणीची ठरावी इतकी श्रवणहानी असते. वयामुळे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द लागत नाही. मुलगे अशा वेळी ओरडतात आणि ओरडल्यानं आवाज आणखी उंच पट्टीत जातो. मुलाला हे सांगा: चेहरा दिसेल असं बस, उजेड तोंडावर येऊ दे, आवाजाची पट्टी खाली ठेव, वेग कमी कर, आणि कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्यानं म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांग. मैत्रीतले कितीतरी रुसवे एवढ्यानं मिटतात.

गप्पा अडल्या तर आणखी एक उपयोगी गोष्ट. माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक असतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. म्हणजे आजोबांच्या आठवणींतला सर्वांत भरलेला कप्पा तुमच्या मुलाच्या वयाच्या आसपास सुरू होतो. ‘तुमच्या काळी कसं होतं’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. ‘छापखान्यातल्या पहिल्या दिवशी तुम्हाला काय करायला दिलं होतं’ असं विचारलं की संध्याकाळ पुरत नाही. आणि मुलानंही स्वतःचं सांगावं. फक्त ऐकत राहिला तर तो शिष्य होईल, मित्र राहणार नाही.

परीक्षेचं वर्ष येतंय म्हणून भेटी बंद करण्याचा विचार तुमच्या मनात असेल तर करू नका. वेळ ठरवून द्या आणि ती आजोबांनाही सांगा, म्हणजे ते वाट बघत बसणार नाहीत. रोजच्या दीड तासाऐवजी अर्धा तास झाला तरी चालेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. ही मैत्री कधी ना कधी संपणार आहे, आणि बहुधा आजोबांच्या आजारानं किंवा मृत्यूनं. केनेथ डोका या शोकाच्या अभ्यासकानं १९८० च्या दशकात एका प्रकारच्या शोकाकडे लक्ष वेधलं: ज्याला समाज मान्यताच देत नाही असा शोक. शेजारचा मुलगा हा कोणाच्याच लेखी सुतकातला नसतो. त्याला कोणी भेटायला येत नाही, शाळेत कोणी विचारत नाही, आणि ‘वय झालं होतं’ या तीन शब्दांत त्याचं दुःख मिटवलं जातं. असं होऊ देऊ नका. आजारपणाची बातमी त्याच्यापासून लपवू नका. रुग्णालयात भेटायला जायचं का, अंत्यदर्शनाला यायचं का, हे त्याला विचारा, आणि तिथे काय दिसेल ते आधी सांगून ठेवा. नको म्हणाला तर तेही मान्य करा. नंतरच्या महिन्यांत अभ्यासात मन लागलं नाही, चिडचिड वाढली, तर त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे असं वागा. झोप आणि जेवण यांचं तंत्र बरेच आठवडे बिघडलेलं राहिलं तर समुपदेशकाला दाखवा.

हे सगळं नीट व्हायचं तर आजोबांच्या कुटुंबाशी ओळख आत्ताच हवी. या आठवड्यात त्यांच्या मुलांपैकी कोणाला तरी फोन करा. तुमचा मुलगा रोज तिकडे जातो हे त्यांना तुमच्याकडूनच कळू दे. व्यवहारांची जबाबदारी त्यांनी घ्यावी असं सांगा, विसरण्याबद्दल जे जाणवलं ते सांगा. आणि आजोबांना काही झालं तर ज्यांना लगेच कळवायचं त्या यादीत तुमच्या घरचा क्रमांक लिहून घ्यायला सांगा.